हौद्याबाहेरची तालीम

तालीम म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो लाल मातीचा हौदा, त्याच्या कडेला उभा असलेला मल्लखांब, भिंतीला टेकवून ठेवलेली करेल-मुद्गलांची जोडी आणि वर शेंदूर लावलेला मारुती. आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी ज्या घरातल्या आजोबा-पणजोबांनी कोणत्या ना कोणत्या आखाड्यात अंगाला माती लावली नाही, असे घर विरळाच. त्यांच्या ताकदीच्या, जोर-बैठकांच्या आणि कुस्त्यांच्या गोष्टी आपण सणावारी हौसेने सांगतो. पण त्या परंपरेची दुसरी बाजू आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. हौद्यात जेवढे शिकायचे असे, जवळजवळ तेवढेच हौद्याबाहेर शिकावे लागे. कोणत्या ऋतूत काय खावे, मेहनत किती करावी आणि कोठे थांबावे, माती कशी मुरवावी, मालीश कशी करावी, निखळलेला सांधा कसा बसवावा, शिष्याची पारख कशी करावी, हे सारे त्या शिक्षणातच मोडत होते.

गणरायाला आपण विद्येची देवता म्हणतो आणि गणांचा नायकही म्हणतो. बळ आणि विद्या या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच मूर्तीत पाहिल्या. म्हणून या उत्सवाच्या निमित्ताने बडोद्यात ही हौद्याबाहेरची विद्या कशी जोपासली गेली, याची थोडी नोंद करावी असे आम्हांला वाटले.

सुरुवात बडोद्याच्या बाहेरून आणि बऱ्याच मागच्या काळापासून करावी लागेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी ओवीचा एक जुना उल्लेख ज्यात सापडतो, तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकीचे जे अनेक ‘विनोद’ सांगितले आहेत, त्यांत ‘मल्लविनोद’ आहे. हे प्रकरण वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. प्रत्यक्ष कुस्तीच्या आधी बरेच काही सांगून झालेले असते. मल्लांची वर्गवारी वय, अंगलट आणि शक्ती पाहून केलेली आहे. त्यांनी काय खावे, म्हणजे कडधान्य, मांस, दूध, साखर आणि गोडधोड, हे सांगितले आहे, आणि हा खुराक पुरवण्याची जबाबदारी राजावर टाकली आहे. मेहनतीचे प्रकार वेगवेगळे करून मांडले आहेत. वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम, हातांच्या जोराचा बाहुपेल्लणश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. यांतल्या चालण्या-पोहण्याला हौदा लागतच नाही. नऊशे वर्षांपूर्वीही पहिलवानाची तयारी केवळ मातीत होत नव्हती, हे यावरून दिसते.

यातल्या स्तंभश्रमात आजच्या मल्लखांबाचे मूळ पाहिले जाते. मल्लखांबाला नवे रूप दिले ते पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले. त्यांचे आव्हान कोणी घेईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी ते घेतले, तयारीसाठी मुदत मागितली आणि वणीच्या सप्तशृंगी देवीपाशी जाऊन राहिले. तेथे झाडांवर खेळणाऱ्या वानरांच्या पकडी व उड्या पाहून त्यांना खांबावरची मेहनत सुचली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे बाजूला ठेवू. पिढ्यान्‌पिढ्या वस्ताद ही गोष्ट शिष्यांना सांगत आले, ती डाव शिकवण्यासाठी नव्हे. समोर जोडीदार नसताना, आखाड्यापासून दूर, नीट पाहण्यातूनही विद्या मिळते, हे त्यांना सांगायचे असे.

‘मानसोल्लास’ आज आपल्याला छापील स्वरूपात वाचता येतो, तो बडोद्यामुळे. सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ साली निघाला, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली. संस्थान गेले, राज्ये बदलली, तरी छत्तीस वर्षे ते काम चालू राहिले. त्याच ग्रंथमालेत १९६४ साली ‘मल्लपुराण’ हा दुर्मीळ संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता या बडोद्याच्या दोन विद्वानांनी त्याचे संपादन केले.

मल्लपुराण हे ज्येष्ठीमल्लांचे पुराण. गुजरातेत ज्यांना जेठी म्हणतात, तो मोढेरा-देलमाळ परिसरातला मल्लविद्येचा परंपरागत व्यवसाय करणारा ब्राह्मण समाज. श्रीकृष्णाने द्वारकेच्या वाटेवर असताना त्यांच्या पूर्वजाला ही विद्या दिली आणि लिंबजा देवीची उपासना सांगितली, अशी त्यातली कथा आहे. पण कथेपलीकडे हा ग्रंथ अगदी कामाचा आहे. मल्लांचे प्रकार, त्यांच्या अंगची लक्षणे, सोळा प्रकारचे श्रम, आखाड्याची जमीन तयार करण्याची रीत आणि कोणत्या ऋतूत कोणता आहार घ्यावा, हे त्यात क्रमाने येते. देवाच्या नावाने सांगितलेले असले तरी हे वस्तादाचे टिपणच आहे. माणसे जातात, आखाडे मोडतात, म्हणून कोणीतरी बसून ते लिहून ठेवले.

असे लिहून ठेवण्याची गरज का पडते, हे बडोद्याच्याच इतिहासातून दिसते. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, बडोद्यात पहिलवानांना मोठा आश्रय होता. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. त्या वेळी येथे ‘नखी की कुस्ती’ चाले. मुठीला शिंगाची टोकदार नखी बांधून दोन जेठी एकमेकांवर वार करीत. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी तेव्हा बडोद्यास आला होता. त्याने या रक्तबंबाळ खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या समाजाच्या ग्रंथात आहार, ऋतू आणि मातीचा एवढा विचार आहे, त्याच समाजाचे लोक दरबाराच्या करमणुकीसाठी एकमेकांची अंगे फाडीत होते. विद्या तीच होती. फक्त हौद्यातला तमाशा तेवढा उरला होता आणि बाकीचा विचार मागे पडला होता.

याच शहरात पुढे जे घडले ते म्हणून महत्त्वाचे आहे. उस्ताद जुम्मादादा हे बडोद्यातले नामांकित मल्ल आणि शस्त्रविद्येचे जाणकार. त्यांच्या हाताखाली तयार झालेले प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या पश्चात आखाडा वाढवला आणि त्याला गुरूचेच नाव ठेवले. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर ते हेच. मुसलमान उस्तादाचे नाव हिंदू शिष्याने संस्थेला दिले आणि मराठी, गुजराती सर्वांनी ते आपले म्हणून घेतले. सयाजीराव महाराजांनी माणिकरावांना ‘राजरत्न’ ही पदवी दिली. कुस्ती, मल्लखांब, लाठी, फरीगदगा, जंबिया हे सारे तेथे शिकवले जाई. पण माणिकरावांचे नाव बडोद्याबाहेर पोचले, ते आणखी दोन कारणांनी, आणि दोन्ही कारणे हौद्याबाहेरची आहेत.

पहिले कारण हाडवैद्यकी. माणिकराव नावाजलेले हाडवैद्य होते. आखाड्यात मूल पडते, मनगट वळते, खांदा निखळतो. ज्याला पकड माहीत आहे त्याला सांधा कोणत्या दिशेने जातो हे माहीत असते, आणि म्हणून तो परत कसा आणायचा हेही तो शिकू शकतो. आपल्याकडे या विद्येची मुळे फार जुनी आहेत. सुश्रुतसंहितेत भग्न, म्हणजे मोडलेल्या हाडांचा, स्वतंत्र विचार आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. ओढून, दाबून हाड जागेवर आणावे, वड, उंबर, पिंपळ, पळस यांसारख्या झाडांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या लावून बांधावे, अशी रीत दिली आहे. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण दिवसांत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, इतका बारकावा आहे. शरीरातल्या १०७ मर्मांची माहितीही तेथेच मिळते. ती वैद्याला उपयोगी पडते, तशी शस्त्र धरणाऱ्यालाही पडते. कोठे मारू नये, हे ज्याला कळते, त्याच्या हातात लाठी दिलेली बरी. आज हाड मोडले तर आधी एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण दुसऱ्याला चीत करणाऱ्या हातालाच दुसऱ्याला बरे करण्याचे शिक्षण असावे, ही आखाड्याची रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नखीच्या कुस्तीपासून हाडवैद्यकीपर्यंतचा हा प्रवास एकाच शहरात झाला.

दुसरे कारण भाषा. त्या काळी कवायत म्हणजे इंग्रजी हुकमांवर चालणारी. माणिकरावांनी देशी व्यायाम एकट्या-दुकट्यापुरता न ठेवता शेकडो मुलांनी एका तालावर करण्याची पद्धत बसवली. त्यालाच संघव्यायाम म्हणतात. त्यासाठी हुकूम हिंदीत तयार केले. वरवर पाहता ही साधी गोष्ट वाटते. पण जी क्रिया आपण करतो तिला आपल्या भाषेत नाव असले, की ती शिकवता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्या गावी पाठवता येते. शब्द बसवण्यासाठी हौद्यातून बाहेर येऊन, कागद घेऊन बसावे लागते.

माणिकरावांच्या शिष्यांपैकी एकाने ही हौद्याबाहेरची विद्या फार लांब नेली. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोईचा. शाळेत असताना त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली आणि बडोदे कॉलेजात शिक्षण घेतले. १९०७ ते १९१० या काळात ते माणिकरावांकडे देशी व्यायाम शिकले. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. हेच स्वामी कुवलयानंद. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत नेमके काय होते, हा प्रश्न त्यांना पडला. गुरूने सांगितले म्हणून मान्य, एवढ्यावर ते थांबले नाहीत. बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत त्यांनी याची तपासणी सुरू केली. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. जोर-बैठका मारलेला, संस्कृत जाणणारा आणि क्ष-किरणांचे यंत्र वापरणारा असा माणूस घडतो, तेव्हा त्याच्यामागे आखाडा, कॉलेज आणि इस्पितळ या तिन्हींचा वाटा असतो. हे तिन्ही त्या वेळी बडोद्यात एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते.

हे बडोद्यातच का झाले, याचे उत्तर सयाजीराव महाराजांच्या कारभारात आहे. १९०६ साली त्यांनी राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. १९१० साली बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञाला आणून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. १९२७ साली प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले. पहिलवानाला आश्रय देणारे राजे पुष्कळ झाले. पहिलवानाच्या मुलाला वाचता यावे आणि वाचायला पुस्तक मिळावे, याची व्यवस्था करणारा राजा आपल्याला मिळाला.

या सगळ्याचे मोठे फळ म्हणजे ‘व्यायाम ज्ञानकोश’. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातून हा कोश संपादित केला. पहिला खंड १९३६ साली निघाला आणि १९४९ पर्यंत दहा खंड पूर्ण झाले. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या पकडी, जोर-बैठकांचे प्रकार, शस्त्रांचे हात, आसने, देशी-परदेशी खेळ, असा पसारा चित्रांसह मांडलेला आहे. जे वस्तादाच्या तोंडी होते आणि त्याच्याबरोबर जळून गेले असते, ते येथे कागदावर आले. तेही मराठीत, आणि महाराष्ट्राबाहेर राहून. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे संस्थान सरले त्याच वर्षी कोशाचे काम पुरे झाले. पाठोपाठ १९५० साली मुजुमदारांनी इंग्रजीत एक खंडही काढला. त्यामुळे बाहेरच्या अभ्यासकांना या विद्येची ओळख झाली. पण मूळ दहा खंड मराठीत आहेत.

आजची अडचण नेमकी येथेच आहे. आपली मुले मल्लखांब शिकतात, कराटेच्या वर्गाला जातात, जिममध्येही जातात. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम आणि लाठी फिरवणाऱ्या मुला-मुलींची संख्या पाहिली की बरे वाटते. हौदा ओस पडलेला नाही. पण यांतली बहुतेक मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, देवनागरी ओळखतात, पण मराठीचे एक पान सलग वाचायला सांगितले तर अडखळतात. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, घिस्सा, एकेरी पट ही नावे त्यांना चित्रपटात एखाद्वेळी ऐकू येतात, तेवढीच. खुराक म्हणजे काय, हे ती डब्यावरच्या इंग्रजी अक्षरांवरून ठरवतात. वाग्भटाने सांगून ठेवले आहे, की बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा आणि उन्हाळ्यात त्याहून कमी. हे साधे वचन त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि एप्रिल-मेच्या बडोद्याच्या उन्हात ती दमछाक होईपर्यंत पळतात. कोशाचे दहा खंड वाचणारे संपले, तर ते कपाटात असूनही नसल्यासारखेच. आणि हौद्याबाहेरचा विचार सुटला की काय उरते, हे नखीच्या कुस्तीने आपल्याला एकदा दाखवले आहे.

आम्ही सरकारी दप्तरात काम करणारी माणसे. आमच्या कामात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. ज्याची नोंद आहे ते मिळते, आणि नोंद असूनही जे कोणी काढून पाहत नाही ते काही वर्षांनी रद्दीत जाते. म्हणून मोठ्या योजनांची भाषा न करता, आपल्याला जमण्यासारखी तीन कामे येथे मांडतो.

पहिले, ज्यांच्या घरी माळ्यावर वा जुन्या ट्रंकेत व्यायाम ज्ञानकोशाचा एखादा खंड, आखाड्याचे छायाचित्र, वस्तादाने दिलेले प्रशस्तिपत्र किंवा हाताने लिहिलेली टिपणे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा समाजाच्या कार्यालयात दाखवावी. ठेवून घेण्याचा आग्रह नाही. नोंद आणि छायाचित्र घेऊन वस्तू परत देता येईल.

दुसरे, आपल्यातली जी ज्येष्ठ मंडळी आखाड्यात तयार झाली, त्यांच्याजवळ बसून डावांची नावे, मातीत हळद, तेल, ताक किती घालत, मालीश कोणत्या क्रमाने करीत, उन्हाळ्यात खुराक कसा बदलत, हे विचारून घ्यावे. नातवाने आजोबांना विचारले तर आजोबा सांगतात. मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवला तरी पुरे.

तिसरे, उत्सवाच्या दहा दिवसांत मल्लखांब किंवा लाठीची प्रात्यक्षिके होतात, तेव्हा त्यांच्या आधी पंधरा मिनिटे मुलांपैकीच एकाने कोशातले एखादे पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने ते करून दाखवावे. वाचणारा अडखळला तरी चालेल. पुढल्या वर्षी तो कमी अडखळेल, आणि वाचनासाठी दुसरे पान शोधताना कोश एकदा तरी उघडला जाईल.

कोशाचे आणि टिपणांचे जे काही आपल्या घरी सापडेल, ते अनंत चतुर्दशीपूर्वी उत्सवाच्या मंडपात कार्यकर्त्यांकडे सांगून ठेवावे, ही सर्व कुटुंबांना विनंती.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥